गोड्या पाण्यातली नळी

टिपणीस मॅडमच्या खुर्चीत जेवणानंतर बसू नये, हे हर्षदा आरोंदेकरला चांगलं ठाऊक आहे. वेताची, पाठ मागे कललेली ती खुर्ची बसणाऱ्याला बघता बघता आडवं करते. डब्यात आज बांगड्याचं तिखलं आणि भात होता, खिडकीतून मार्चचं ऊन थेट पायांवर येतंय, आणि डोक्यावरचा पंखा वारा कमी आणि कुरकुर जास्त करतोय. अशा वेळी शहाण्या माणसाने स्टुलावर बसावं. हर्षदा खुर्चीत बसते.

"मॅडम, पंखो बंद करू काय?" दारातून जानू विचारतो. जानू म्हणजे लॅबचा शिपाई. पंख्याची कुरकुर त्याच्या डोक्यात जाते.

"राहू दे रे," हर्षदा म्हणते, आणि पापण्या जड व्हायला लागतात.

जड व्हायला नको होत्या. चहाच्या वेळेला निलोफर उत्तर मागायला येणार आहे, आणि हर्षदाजवळ उत्तर नाही.

गोष्ट अशी आहे. तळकोकणातल्या या कॉलेजच्या लॅबमध्ये मिठागरातले सूक्ष्मजीव वाढवतात. शिरोड्याच्या मिठागरात पाणी आटत आटत दाट होतं आणि गुलाबी दिसायला लागतं, तो रंग या जिवांचा. समुद्राहून कितीतरी खारट पाण्यात ते सुखाने नांदतात, आणि गोड्या पाण्यात टाकले की फुटून मरतात. त्यांच्या पोटात एक एन्झाइम सापडलं. भरपूर सापडलं, पण ते करतं काय हे कुणाला कळेना. पेशी त्याला खाऊपिऊ घालून पोसतेय आणि ते आपलं बसून. टिपणीस मॅडमनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू, आणि लॅबमध्ये तेच नाव रूढ झालं.

शकुंतला टिपणीस या हर्षदाच्या गाइड. ही लॅब त्यांनीच उभी केली. त्यांनी पेपर लिहिला की जावईबापू स्निग्ध पदार्थ तोडतात. पुरावा म्हणजे पिवळा रंग: नळीत एक पदार्थ घालायचा, तो तुटला की पाणी पिवळं होतं. जावईबापू होते त्या नळीत पाणी पिवळंधमक झालं. पेपर छापून आला, तोच मॅडमचा शेवटचा. मग किडन्या गेल्या आणि दोन वर्षांपूर्वी मॅडमही गेल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या नावाचं पहिलं व्याख्यान आहे, ते हर्षदाने द्यायचंय, आणि विषय अर्थातच जावईबापू.

आणि हर्षदाची पीएचडीची विद्यार्थिनी निलोफर मुजावर म्हणते की जावईबापू स्निग्ध पदार्थ तोडतच नाहीत. नुसती म्हणत नाही, दाखवते. हर्षदाने तिला दिवाळीपासून हे छापू न देता थांबवून ठेवलंय. काल निलोफर अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, नाहीतर मी विषय बदलते. दुसऱ्या कुणाकडे तरी जाते." भांडली असती तर बरं झालं असतं. अशी मुलगी पुन्हा मिळायची नाही, हे हर्षदाला कळतं. पण मॅडमच्या फोटोसमोर उभं राहून मॅडम चुकल्या असं सांगायचं, याला तिचं मन तयार होत नाही.

तिची नजर टेबलावरच्या लहानशा बाटलीवर जाते. गडद लाल नेलपॉलिश. काचपट्टीवरचा नमुना वाळू नये म्हणून त्याच्या कडेने नेलपॉलिश लावतात, तेवढ्यासाठी ही बाटली आली होती. पण मॅडमनी तिला दुसरंही काम लावलं होतं. ज्याचा रिझल्ट पुन्हापुन्हा करूनही टिकेल त्याच्या डाव्या करंगळीच्या नखावर त्या एक ठिपका द्यायच्या. बाप्येही सुटायचे नाहीत. एक जण तसाच ठिपका घेऊन मुलगी बघायला गेला होता, आणि लग्न जमलं. मॅडम गेल्यावर बाटली सुकली, झाकण घट्ट चिकटलं. ती टाकून द्यायला मात्र कुणाचा हात धजत नाही. हर्षदा बाटली उचलते, उगाच झाकण फिरवून बघते. ते हलत नाही. पंखा कुरकुरतो.

"खुर्ची रिकामी कर."

हर्षदा गडबडीने उठते. दारात टिपणीस मॅडम उभ्या आहेत. सुती साडी, वर लॅबकोट, हातात स्टीलचा डबा. कोटाचं मधलं बटण तुटलेलं होतं, ते तसंच तुटलेलं आहे. मॅडम वारल्यात हे हर्षदाला पक्कं ठाऊक आहे, स्मशानात ती स्वतः गेली होती. पण आलेल्या माणसाला तोंडावर असं कसं म्हणायचं? म्हणून ती विचारते, "जेवलात का मॅडम?"

"जेवते कसली! हे बघ."

मॅडम खुर्चीत बसून डबा उघडतात. आत दुधीची भाजी आहे, पांढरीफटक.

"अजून अळणीच?"

"अजून अळणीच. तिथेही तेच पथ्य. कुणाला सांगून उपयोग नाही."

शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी मॅडमचं मीठ तोडलं होतं. जन्मभर मिठातल्या जिवांवर काम केलेली बाई नाक मुरडत अळणी दुधी गिळते, हे बघून हर्षदाला तेव्हाही रडू यायचं. आताही येतं.

"मीठ आण जरा," मॅडम म्हणतात.

"तुम्हाला चालत नाही."

"आता काय व्हायचं राहिलंय मला?"

हर्षदा फळीकडे वळते. फळीवर मिठाच्या बरण्याच बरण्या आहेत, पण त्या प्रयोगाच्या. लॅबमधलं काही तोंडात घालायचं नाही हा नियम मॅडमचाच, आणि तो त्यांच्यादेखत मोडायची तिची छाती नाही. ती खालचं कपाट उघडते. मीठ खूप आत असणार. ती हात घालते, मग खांदा, मग वाकून आत शिरते, आणि पायांना कोमट पाणी लागतं.

मिठागर आहे. गुलाबी पाण्याचे चौकोन पार माडांपर्यंत गेलेत. कुरकुर पंख्याची नव्हतीच, कुणीतरी लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढतंय, पण माणूस दिसत नाही. मॅडम आधीच बांधावर बसल्या आहेत, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पाय पाण्यात. शेजारच्या ढिगातलं मीठ चिमटीने भाजीवर टाकून मजेत खातायत.

"आता लागली चव. बस अशी. जावईबापू काय म्हणतात?"

हर्षदा बसते. सलवार भिजते, पण ओली लागत नाही. "मी तुम्हालाच विचारणार होते. तुम्हाला आता कळलं असेल ना, ते काय करतात ते?"

"मला कोण सांगणार? मेलं की सगळं कळतं असं तुला कुणी सांगितलं? तिथे ना लॅब ना जर्नल. जाताना जेवढं ठाऊक होतं तेवढंच ठाऊक आहे. स्निग्ध पदार्थ तोडतात. पेपर आहे ना आपला?"

"आहे."

"मग अशी तोंड पाडून काय बसलीस?"

हर्षदा बांधावरचे मिठाचे खडे गोळा करते आणि पुन्हा टाकते. जागेपणी हे कुणाला सांगायचं झालं असतं तर तिने आधी पाणी प्यायलं असतं. इथे पाणी सगळं खारट. "निलोफरने तो प्रयोग पुन्हा केला, मॅडम."

"कोण निलोफर?"

"माझी विद्यार्थिनी. तुम्ही गेल्यावर आली."

"बरं. मग?"

"पिवळा रंग आला."

"येणारच."

"जावईबापू न घालताही आला."

मॅडमचा घास हातातच राहतो. आणि मग त्या तो प्रश्न विचारतात, जो विचारून त्यांनी भल्याभल्यांना सेमिनारमध्ये घाम फोडलाय. "कंट्रोल कुठला होता?"

"तिचा की तुमचा?"

"दोन्ही सांग."

कंट्रोल म्हणजे तुलनेची नळी. बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. तुलनेसाठी मेलेलं एन्झाइम लागतं. दुसऱ्या लॅबमध्ये ते मारायचं तर उकळतात. मिठागरवाल्यांच्या लॅबमध्ये उकळण्याच्या भानगडीत कोण पडतो? गोड्या पाण्यात टाकलं की काम झालं. मॅडमनी तेच केलं होतं. एका नळीत खाऱ्या पाण्यातले धडधाकट जावईबापू, दुसरीत गोड्या पाण्यात मेलेले. पहिली पिवळीधमक, दुसरी फिकट. कुणालाही पटेल असं होतं. जावयांबरोबर पाणीही बदललंय, हे पेपर तपासणाऱ्यांच्याही लक्षात आलं नाही.

"तुमचा गोड्या पाण्यातला," हर्षदा म्हणते. "तिने खाऱ्या पाण्याचीच दुसरी नळी लावली. तोच पदार्थ, फक्त जावईबापू नाहीत. तरी रंग तेवढाच. तो पदार्थ आपोआप थोडा तुटतोच, आणि खाऱ्या पाण्यात पिवळा रंग जास्त गडद दिसतो. तो फरक मिठाचा होता, मॅडम. जावईबापूंचा नव्हता."

झालं, सांगून झालं. आता मॅडम हसतील, पाठीवर हात ठेवतील, असं हर्षदाला वाटतं. गेलेली माणसं मोठ्या मनाची होतात अशी आपली एक समजूत असते. मॅडम डब्याचं झाकण खाडकन लावतात.

"कालची पोर! माझ्या नळ्या तपासायला निघाली, आणि तू ऐकून घेतलंस?"

"मी शेजारी बसून पुन्हा करून घेतलं. तीनदा."

"माझा शेवटचा पेपर होता तो."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर तिला थांबवून ठेवलंय."

मॅडम उठतात आणि बांधावरून चालू लागतात. मागे वळूनही बघत नाहीत. हर्षदा मागोमाग जाते. बांध अरुंद होत जातो, मग त्याला फरशी लागते, मग फिनेलचा वास येतो आणि दोन्ही बाजूंना दारं. हा रस्ता तिच्या पायांना पाठ आहे. शेवटच्या दारापाशी डावीकडे खाट, तिच्यावर मॅडम पडल्या आहेत, लॅबकोटासकट. हाताला नळी, वर लटकणारी बाटली.

"बघ गंमत," मॅडम बाटलीकडे बोट दाखवतात. राग गेलेला नाही, पण गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नाही. "तोंडाने मीठ द्यायचं नाही आणि शिरेतून सलाइन चढवायचं. डॉक्टर म्हणे!" मग त्या मान वळवतात. "या खाटेवरून मी तुला काय विचारलं होतं?"

"जावईबापूंचं काय करशील, असं."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मी बघते."

"बघितलंस?"

"बघितलं."

"आणि बघून झाल्यावर माझ्या फोटोला हार घालून गप्प बसलीस."

आता मात्र हर्षदाला राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये वगैरे तिला काही आठवत नाही. "मग काय करू? तुम्ही आत्ता चिडलात ना? तेच मला नको होतं. लोक म्हणतील, बाई गेल्या आणि हिने त्यांच्या चुका उकरायला घेतल्या. व्याख्यान तुमच्या नावाचं, हॉलमध्ये फोटो तुमचा, आणि मी माइक धरून सांगू की मॅडमचा कंट्रोल चुकला? नाही होत माझ्याने. तुमची आठवण येते मला. अजून काही नवीन दिसलं की आधी तुम्हाला सांगावंसं वाटतं, आणि मग लक्षात येतं."

मॅडम बाटलीतले थेंब बघत राहतात. "चिडले तर चिडले," त्या शेवटी म्हणतात. "चिडायचं नाही असा काय नियम आहे? तुझा पहिला रिझल्ट आला, आमचं आधीचं सगळं मोडीत काढणारा, तेव्हा मी काय केलं होतं?"

"दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात."

"चार."

"चार. तुमच्या टेबलावर चहासुद्धा जानूच्या हातून पाठवत होते मी."

"आणि पाचव्या दिवशी?"

हर्षदा डावी करंगळी बघते. "ठिपका दिलात."

"मग? मेल्यावर माझा स्वभाव बदलला असं वाटलं तुला? मला विचारून पेपर लिहायचे झाले तर अवघड आहे तुमचं. चल, नळ्या दाखव."

खाटेभोवतीचा पांढरा पडदा कुणीतरी ओढतं. ओढला की तो वाऱ्याने हलत नाही, ताठ उभा राहतो, आणि त्याची भिंत होते. चार भिंती, वर छत, सगळं पांढरं आणि अर्धवट पारदर्शक, कोपरे अगदी काटकोनात. घोट्यापर्यंत गुलाबी पाणी. हर्षदाला जागा ओळखू येते. त्या दोघी मिठाच्या खड्याच्या आत आहेत.

मिठाचा खडा तयार होताना त्याच्या पोटात पाण्याचा लहानसा कप्पा राहून जातो आणि त्यात हे जीव कोंडले जातात. बाहेर सगळं कोरडं झालं तरी ते आत महिनोन्‌महिने तग धरतात. निलोफरचा दुसरा प्रयोग त्याचाच आहे. तिने नेहमीचे जीव घेतले, आणि ज्यांच्यातून जावईबापू काढून टाकलेत असेही घेतले. उघड्या खाऱ्या पाण्यात दोन्ही छान वाढले. मग तिने दोघांना खड्यांत कोंडलं आणि पावसाळाभर ठेवून दिलं. खडे विरघळवल्यावर नेहमीचे उठून वाढायला लागले, बिनजावयाचे जवळजवळ सगळे मेलेले होते. म्हणजे घरात सगळं नीट चाललेलं असताना जावईबापू हातपाय हलवत नाहीत. पाणी आटून बाहेरून कडी लागली की मग उठतात आणि काहीतरी करतात. काय करतात, हे निलोफरला अजून ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही असं ती सरळ सांगते. हर्षदाला ती आवडते ती याचसाठी.

नळ्या हर्षदाच्या खिशातच आहेत. मॅडम त्या घेतात, पांढऱ्या कोटापुढे धरतात. दोन्ही पिवळ्या.

"मी डोळे मिटते. तू अदलाबदल कर. जावयाची कुठली ते मी सांगते."

मॅडम खरंच डोळे मिटतात, लहान मुलीने लपाछपीत मिटावेत तसे घट्ट. हर्षदा नळ्या इकडच्या तिकडे करते, पुन्हा करते. मॅडम डोळे उघडतात. नळ्या कोटापुढे धरतात, मग भिंतीतून येणाऱ्या उजेडापुढे. चष्मा काढून बघतात, चढवून बघतात.

"ही," त्या म्हणतात. मग, "थांब. ही."

कुठूनतरी शिवणयंत्र चालल्यासारखा आवाज येतोय, थांबून थांबून.

"नाही सांगता येत," मॅडम म्हणतात आणि नळ्या परत देतात. चेहरा थोडा पडलाय, तो त्या लपवत नाहीत. "दोन्ही सारख्याच आहेत. गोड्या पाण्याची नळी लावताना मला एकदाही शंका आली नाही बघ. इतकी सवयीची होती."

"कुणालाच आली नाही, मॅडम."

"तिला आली ना." मॅडम कान देऊन ऐकतात. "ऐकतेयस? कुणीतरी काहीतरी सांधतंय."

"जावईबापू?"

"इथून मला काय दिसतंय? आणि हे कुठे लिहू नकोस हं. स्वप्नात ऐकलेलं पुरावा म्हणून चालत नाही. तिला करून बघायला सांग. आता बाटली आण."

बाटली हर्षदाच्या मुठीतच आहे. ती झाकण फिरवते, फिरत नाही. "सुकली, मॅडम. तुम्ही गेल्यापासून."

"सुकली म्हणे! ॲसिटोन घाल की. कडेने दोन थेंब सोड, जरा थांब आणि मग फिरव. एवढी केमिस्ट्री शिकून माझी बाटली सुकू दिलीस?"

हर्षदा ॲसिटोन सोडते. ते कुठून आलं हे विचारायचं तिला सुचत नाही. बोटांना गार लागतं. झाकण करकरतं आणि सुटतं. ती जुन्या सवयीने डावी करंगळी पुढे करते, आणि मॅडम तिच्या हातावर चापट मारतात.

"तुझा तुला मिळालाय. जिचा आहे तिला लाव."

"तुम्हीच द्या ना तिला. तिला फार आवडेल."

"मी कुठून येऊ आता? आणि मी चिडले होते असं सांग तिला. उगाच माझं गुणगान करत बसू नकोस." मॅडम डबा पुढे करतात. "थोडं मीठ दे बांधून. जाते मी."

हर्षदा भिंतीचा एक कोपरा मोडते. तो सहज मोडतो. भुगा करून ती डब्याच्या वरच्या कप्प्यात भरते आणि झाकण नीट दाबून लावते.

"जास्त खाऊ नका," ती म्हणते.

"बघू," मॅडम म्हणतात.

"मॅडम, चाय हाडलंय."

जानू टेबलावर कप ठेवतोय. एकच कप. निलोफरचे रोजे चालू आहेत, हे त्याच्या लक्षात असतं. ऊन पायांवरून सरकून भिंतीवर गेलंय. जानू नाक वर करून हुंगतो. "ह्यो वास कसलो?"

वास ॲसिटोनचा आहे. हर्षदा मूठ उघडते. बाटली तिच्या तळहातावर आहे आणि झाकण मांडीवर. झाकणाच्या ब्रशवरून लाल रंगाचा एक थेंब ओघळायच्या बेतात आहे. ॲसिटोनची मोठी बाटली समोरच्या फळीवर नेहमीच्या जागी आहे, आणि खुर्चीतून तिथे हात पोचत नाही. हर्षदा थोडा वेळ त्या फळीकडे बघते. मग चहाचा घोट घेते. चहात साखर नेहमीसारखीच जास्त आहे.

निलोफर येते. ओढणी डोक्यावरून घेतलेली, उपासाने चेहरा सुकलेला. ती बसत नाही. "मॅडम, काय ठरवलंत?"

"व्याख्यान आहे ना, त्यात सुरुवातीला मी बोलेन. मॅडमनी जावईबापू कसे शोधले ते. नंतर तू बोलायचंस."

"मी? कशावर?"

"गोड्या पाण्यातल्या नळीवर. आणि मग खड्यांवर. पेपरही दोन्हींचा एकत्र लिहायचा, पहिलं नाव तुझं. डावा हात पुढे कर."

निलोफर गोंधळून हात पुढे करते, आणि मग बाटलीकडे बघतच राहते. "ही उघडत नव्हती! मी मागे पक्कड लावून बघितली होती."

"आज उघडली. करंगळी धर नीट."

ठिपक्याचं निलोफरने फक्त ऐकलंय. तिच्या वेळच्या कुणालाच तो मिळाला नाही. हर्षदा तिचं मनगट धरते आणि ब्रश टेकवते. रंग किंचित पसरतो. मॅडमचा हात याहून स्थिर होता.

निलोफर नखाकडे बघते. डोळे भरून आलेत, पण ती विचारते ते हेच, "टिपणीस मॅडमना चाललं असतं का हो हे?"

"आधी चिडल्या असत्या," हर्षदा म्हणते. "कालची पोर म्हणाल्या असत्या तुला."

"आणि मग?"

"मग नळ्या मागितल्या असत्या. आणि मग ही बाटली."

निलोफर रडता रडता हसते. मग तिला काहीतरी आठवतं. "मॅडम, नमाजच्या आधी पुसावं लागेल. वजू करताना नखालाही पाणी लागावं लागतं."

"पूस की. ॲसिटोन फळीवर आहे."

"पुसते. थोड्या वेळाने."

ती नखावर फुंकर घालते, स्टूल ओढते आणि नळ्यांचा स्टँड पुढे घेते. कोंडलेल्या जिवांमध्ये काही तुटलेलं सांधलं जातं का, हे बघायचं तिच्या डोक्यात आधीपासूनच आहे. हर्षदाने तिला काही सांगितलेलं नाही. रंग ओला आहे, कशाला लागू नये म्हणून ती करंगळी वर धरून नळ्या भरायला लागते. पहिली नळी ती नुसत्या खाऱ्या पाण्याची भरते, जावईबापूंशिवाय.